नियोजनातले हरवलेले आठशे तास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामाचे तास किती असावेत यावर गेली दोन-तीन वर्षे आपल्याकडे सतत चर्चा चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक एन. आर. नारायण मूर्ती यांनी जर्मनी व जपानचा दाखला देत तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा आग्रह धरला, जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे विधान गाजले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तासांवर, तर दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. तिन्ही वेळी वाद रंगला तो कष्टाळू कोण आणि सुखासीन कोण, या पातळीवर. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात यंत्रभाग तयार करणाऱ्या कारखान्यांत उत्पादन नियोजनाचे काम करून मी निवृत्त झालो. कोणत्या यंत्रावर कोणता जॉब, म्हणजे घडवायचा भाग, केव्हा लावायचा, किती माणसे लागतील, माल कोणत्या तारखेला निघेल, हे ठरवण्यात नोकरी गेली. त्या अनुभवावरून मला असे वाटते की माणसे कामाने करपून जाण्याचा प्रश्न कष्टाच्या वृत्तीचा नाही, तो नियोजनाचा आहे. आणि नियोजन ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. हे सकारण मांडायचे तर पत्र लांबणार, त्याबद्दल क्षमा असावी.

नियोजन विभागात नव्याने आलेल्या मुलाला पहिला धडा मिळतो तो हा, की यंत्राची क्षमता वेगळी आणि त्याच्यावर टाकायचा भार वेगळा. आठ तासांच्या पाळीत लेथ, म्हणजे धातू कातण्याचे यंत्र, कागदावर आठ तास चालते. प्रत्यक्षात जॉब बदलताना सेटिंग करावे लागते, टूल झिजते, कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, उशिरा येते, तपासणीसाठी पहिला नग अडकून पडतो, कधी वीज जाते. त्यामुळे जाणता नियोजक यंत्रावर ८० ते ८५ टक्क्यांपेक्षा जास्त भार लावत नाही. उरलेली जागा वाया जाते असे नवशिक्या मालकाला वाटते, पण त्या मोकळ्या जागेतच सगळ्या अडचणी जिरतात आणि म्हणून माल वेळेवर निघतो. ज्यांच्या कष्टाळूपणाचे दाखले आपल्याला नेहमी दिले जातात त्या जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यांत पूर्वापार दोन पाळ्यांच्या मध्ये काही तास मुद्दाम रिकामे ठेवले जात. दिवसाची तूट त्या वेळात भरून निघे आणि देखभालही उरकली जाई.

या अनुभवामागे गणितही आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एर्लांग यांनी १९०९ साली फोनच्या तारा अडकून राहण्याचा जो अभ्यास मांडला, त्यातून रांगेचे शास्त्र उभे राहिले. कामे अनियमितपणे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त असतो, एवढेच गृहीत धरून केलेल्या त्याच्या अगदी साध्या रूपातही उत्तर विलक्षण निघते. एखाद्या जागेवर ८० टक्के भार असेल तर नव्याने आलेल्या कामाला सरासरी जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ ते नुसते रांगेत थांबते. ९० टक्के भार झाला की नऊपट, आणि ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. भार ८० वरून ९५ वर नेला तेव्हा काम जेमतेम एकोणीस टक्के वाढले, पण थांबणे जवळजवळ पाचपट झाले. शंभर टक्क्यांच्या जवळ जाताना काम पुढे सरकेनासे होते, हे कारखान्यात ज्याने महिनाअखेर पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही.

हाच हिशेब माणसाला लावून पाहू, कारण कार्यालयांत तो कोणी लावत नाही. प्रकल्पाचे वेळापत्रक आखताना सर्रास असे धरले जाते की वर्षातले शनिवार-रविवार सोडून उरलेले २६१ दिवस माणूस रोज आठ तास काम करील. म्हणजे वर्षाचे २०८८ तास. आता महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणेच चालू. त्यात ८ सार्वजनिक सुट्या आहेत, ८ नैमित्तिक रजा आहेत, आणि २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक या हिशेबाने किमान १२ अर्जित रजा मिळतात. उरले २३३ दिवस. या दिवसांतल्या आठ तासांपैकी बैठका, पत्रव्यवहार, प्रशिक्षण, नव्या सहकाऱ्याला शिकवणे, वरिष्ठांना माहिती देणे यांत किती जातात हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असेल. मी अडीच तास धरतो, आणि ज्यांना हा अंदाज जास्त वाटतो त्यांनी आपल्या कार्यालयात एक आठवडा खरोखरच नोंद ठेवून पाहावी. राहिले दिवसाला साडेपाच तास, वर्षाला सुमारे १२८० तास. वेळापत्रकात २०८८ लिहिले आणि हातात १२८० आहेत, तर मधले आठशे तास आणायचे कुठून? ते रात्रीतून येतात, रविवारातून येतात, न घेतलेल्या रजेतून येतात आणि झोपेतून येतात. त्या माणसाने ते कधी कबूल केलेले नसतात, आणि कंपनीच्या कोणत्याही कागदावर ते मागितलेले दिसत नाहीत. पुढे तो दमला, चिडचिडा झाला, चुका करू लागला, की त्याला वेळेचे व्यवस्थापन शिकवायला पाठवतात. म्हणजे जे वेळापत्रक मुळातच चुकले आहे त्याची दुरुस्ती त्याच्या स्वभावात शोधली जाते.

यातून एक दुष्टचक्र सुरू होते, ते मी कारखान्यातही पाहिले आणि आता मुलांच्या पिढीच्या कार्यालयांतही दिसते. काम रेंगाळले की वरचा अधिकारी काळजीने दिवसातून दोनदा 'कुठपर्यंत आले' म्हणून विचारतो. त्यासाठी बैठक ठेवली जाते. बैठकीसाठी तक्ता तयार करावा लागतो. तक्ता तयार करणारा तोच असतो ज्याच्याकडे काम अडकले आहे. त्यात तातडीचे म्हणून दुसरे काम मध्येच घुसवले जाते. यंत्रावर अर्धा झालेला जॉब उतरवून दुसरा चढवला तर सेटिंगचा वेळ दोनदा जातो, हे फोरमनला पाठ असते. म्हणून तो नियोजकाशी भांडतो, प्रसंगी ऐकत नाही. माणसाच्या डोक्यातल्या सेटिंगसाठी असा भांडणारा फोरमन कार्यालयात नसतो. एकाच वेळी सहा कामे हातात असणे तिथे कर्तबगारीचे लक्षण मानले जाते, आणि त्यातले एकही पूर्ण झालेले नसते.

अशा स्थितीला हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये 'बर्नआउट' म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची व्याख्या केली, ती मुद्दाम वाचण्यासारखी आहे. तिच्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपल्याची भावना, आपल्या कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि कामातली परिणामकारकता घटणे. ही स्थिती कामाच्या ठिकाणच्या अशा दीर्घ ताणातून येते ज्याचे नीट व्यवस्थापन झाले नाही, असे संघटना म्हणते; आणि तिला रोग न म्हणता कामाशी निगडित घटना म्हणते. मला यातला तिसरा भाग महत्त्वाचा वाटतो. करपलेला माणूस फक्त दुःखी नसतो, तो कमी आणि वाईट काम करतो. तेव्हा उत्पादकता हवी की माणसाची काळजी, अशी जी निवड आपल्यापुढे ठेवली जाते, ती खोटी आहे.

ही माहिती नवी नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांची टंचाई झाली तेव्हा दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्री-पुरुष आठवड्याला सत्तर-सत्तर तास, रविवारसुद्धा, राबत होते. तिथे देशभक्तीची कमतरता नव्हती. मुले, भाऊ, नवरे आघाडीवर होते. तरीही १९१५ मध्ये सरकारने या कामगारांच्या आरोग्याची समिती नेमली आणि तिने तासागणिक उत्पादनाच्या नोंदी घेतल्या. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये त्याच जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा आठवड्याला ७० तास काम करणाऱ्यांचे उत्पादन ५६ तास करणाऱ्यांपेक्षा फारसे वेगळे नसल्याचे दिसले. वरचे चौदा तास माणसे कारखान्यात हजर होती, एवढेच. समितीने रविवारचे काम थांबवण्याची शिफारस केली ती दयेपोटी नव्हे, तोफगोळे अधिक हवे होते म्हणून.

आपल्या मुंबईचा इतिहास तर याहून जुना आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे निवेदन केले, त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, अशा मागण्या होत्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या त्यावर होत्या, आणि रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. सूर्यास्ताची मर्यादा निदान निसर्गाने घातली होती. पण १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तेजीच्या काळात काम चौदा-पंधरा तासांवर गेले. ते रोखायला १९११ चा कायदा करावा लागला, ज्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली. पुढे १९२२ मध्ये दिवसाला ११ तास, १९३४ मध्ये १० तास, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना हाती घेतलेल्या सुधारणेतून १९४६ मध्ये ९ तास व आठवड्याला ४८ तास, अशी एकेक पायरी चढत आपण आलो; १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीच मर्यादा कायम केली. विजेच्या दिव्याने जे तेव्हा केले ते आता खिशातला मोबाइल करतो आहे, फरक एवढाच की त्याचा कायदा अजून झालेला नाही.

राज्य सरकारच्या निर्णयाबद्दल न्यायाने बोलायचे तर आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, कामगाराची लेखी संमती लागेल आणि जादा कामाचे दुप्पट वेतन द्यावे लागेल, असे सांगितले गेले आहे. चार दिवस बारा तास आणि तीन दिवस सुटी, असे कोठे खरोखर झाले तर काही कामगारांना, विशेषतः लांबून येणाऱ्यांना, ते आवडेलही. पण तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा त्याच निर्णयाने ११५ वरून १४४ तासांवर गेली आहे, आणि ठेकेदारीवरच्या मुलाची लेखी संमती म्हणजे काय असते हे औद्योगिक वसाहतीत वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. शिवाय सगळे तास सारखे नसतात. पाळ्यांतील अपघातांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सायमन फोकर्ड आणि फिलिप टकर यांनी २००३ मध्ये घेतला, त्यात सकाळच्या पाळीपेक्षा दुपारच्या पाळीत धोका सुमारे १८ टक्क्यांनी आणि रात्रीच्या पाळीत सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला. ऑस्ट्रेलियातील डॉसन व रीड यांनी १९९७ मध्ये दाखवले की सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखा वागतो. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांवर वाहन चालवण्यास बंदी आहे. बारा तासांची पाळी, जाता-येता तीन तास आणि दोन तास घरची कामे, एवढ्यानेच सतरा तास भरतात. आणि त्यांच्याच अखेरीस तो ठेकेदारीवरचा मुलगा चाकणहून दुचाकीवरून घरी परततो.

डॉक्टरांची अवस्था मी बाहेरून पाहिली आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. निवासी डॉक्टरांचे सलग काम सर्वसाधारणपणे दिवसाला १२ तास व आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत लिहिलेले आहे. प्रत्यक्ष काय चालते ते कोणत्याही सरकारी रुग्णालयात रात्री गेलेल्या वाचकाला माहीत आहे. हार्वर्डच्या २००४ च्या अभ्यासात सलग चोवीस तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांकडून, लहान पाळ्यांतल्या डॉक्टरांच्या तुलनेत, ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्या होत्या. इथे चुकीची किंमत रिजेक्शनच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, पेटीत टाकून मोजता येत नाही.

आता हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांबद्दल. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत निदान एक तरी मुलगा, मुलगी, सून किंवा जावई तिथे कामाला असतो, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येकाच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला आहे. न्यूयॉर्कमधल्या ग्राहकाने सकाळी अकराला ठेवलेली बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठला असते. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे एक तास मागे गेली की तीच साडेनऊला सरकते, आणि ती कधी संपते यावर जेवण व झोप अवलंबून राहते. कॅलिफोर्नियाचा ग्राहक असेल तर विचारूच नये. यात कोणाची खलबुद्धी नाही, पृथ्वी गोल आहे. पण रात्री अकरापर्यंत बैठकीत बसलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी नऊला भूमकर चौकातल्या गर्दीत उभे असलेच पाहिजे, हा नियम पृथ्वीने केलेला नाही. पाळीच्या कारखान्यात रात्रपाळी केलेल्या कामगाराला सकाळी पुन्हा बोलावण्याची हिंमत कोणताही शिफ्ट इन-चार्ज करणार नाही. इथे ते रोज घडते, कारण रात्रीच्या त्या तीन तासांना पाळी म्हणतच नाहीत. दुकाने व आस्थापना अधिनियमाचे दैनंदिन व साप्ताहिक तासांच्या मर्यादेचे कलमही या मुलांच्या उपयोगी फारसे पडत नाही. कामाचे स्वरूप काहीही असो, पदाच्या नावात 'मॅनेजर' आले की व्यवस्थापकीय पदाची सूट दाखवली जाते, आणि तिथे तीन-चार वर्षांत बहुतेक सगळेच कशाचे तरी मॅनेजर होतात.

फ्रान्सने कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले. खासगी विधेयके सहसा संमत होत नाहीत हा आपल्या संसदेचा जुना अनुभव आहे, आणि मला असेही वाटते की फोन न उचलण्याचा हक्क देऊन आठशे तासांची तूट भरून निघणार नाही. रात्री फोन आला नाही तर ते काम पहाटे करावे लागेल. हक्क जरूर असावा. पण तो परिणामावर बांध घालतो, मूळ कारण मात्र वेळापत्रकात आहे.

जर्मनी व जपानचे उदाहरण देणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की आजच्या जर्मनीत माणशी वार्षिक कामाचे सरासरी तास साडेतेराशेच्या आसपास, म्हणजे विकसित देशांत सर्वांत कमी गणले जातात, आणि अतिकामाने होणाऱ्या मृत्यूसाठी 'करोशी' असा स्वतंत्र शब्द ज्या जपानला करावा लागला त्याने एप्रिल २०१९ पासून जादा कामावर महिन्याला ४५ व वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे काढलेला निष्कर्ष असा, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

या सगळ्या चर्चेत आणखी एक पाळी गृहीतच धरली जाते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात गेलेली दिसतात, तर पुरुषांची ८८. सत्तर तासांचा सल्ला देणाऱ्याच्या घरी स्वयंपाक कोणी केला, एवढा एक प्रश्न विचारला तरी त्या सल्ल्यातले अर्धे लोक गळून पडतात. नोकरी करणाऱ्या मुलींना बढतीच्या वेळी 'तुमची तयारी दिसत नाही' असे जे ऐकावे लागते, ते बहुधा संध्याकाळी सातनंतरच्या बैठकींबद्दल असते.

मग एकट्या माणसाने काहीच करू नये काय? करावे, पण मर्यादा ओळखून. दिवस संपताना शेवटची दहा मिनिटे राखून, कोणते काम कुठे थांबले आणि उद्या त्यातले पहिले पाऊल कोणते, हे दोन ओळींत लिहून ठेवण्याची आमच्या जुन्या शिफ्ट डायरीची पद्धत मी तरुणांना आवर्जून सांगतो. अपूर्ण कामाची नेमकी योजना करून ठेवली की ते मनात घोळत राहणे कमी होते, असे मसिकाम्पो व बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोगांनी दाखवले आहे. आम्ही मात्र ती डायरी पुढच्या पाळीच्या सोयीसाठी लिहीत होतो. हातात एका वेळी दोनच कामे घ्यावीत, तिसरे आले तर आधीच्यांपैकी कोणते बाजूला ठेवू हे आणणाऱ्यालाच विचारावे, आणि ते तोंडी न विचारता लेखी विचारावे. नाही म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते, पण 'कोणते आधी करू, साहेब?' या प्रश्नाचा राग सहसा कोणाला येत नाही आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे परत जातो. रजा वर्षाच्या सुरुवातीलाच टाकून मोकळे व्हावे. ४५ दिवसांपर्यंत साठवता येते म्हणून साठवत राहणाऱ्यांची ती पुढे बहुधा आजारपणातच खर्च झालेली मी पाहिली आहे. हे सगळे केल्याने थोडा दिलासा मिळतो. भार शंभर टक्के असेल तर तेवढाच.

कंपन्यांकडून शुक्रवारी दुपारी होणाऱ्या प्राणायामाच्या सत्रांबद्दल मी काही वाईट बोलणार नाही; मी स्वतः रोज प्राणायाम करतो. पण त्या सत्राला जाण्यासाठी बुडालेला तास रात्री भरून काढावा लागत असेल, तर तेवढा भार वाढलाच.

म्हणून माझ्या सूचना आस्थापनांना आणि सरकारला आहेत. प्रकल्पाची बोली लावताना माणशी वर्षाचे २०८८ तास धरू नयेत. आपल्याच कार्यालयात मोजलेले खरे तास धरावेत, आणि त्यांच्याही ८५ टक्क्यांवरच आश्वासन द्यावे. बोली थोडी महाग पडेल, काही कामे हातून जातील, हे मला मान्य आहे. कारखान्यातही अवास्तव तारीख देणारा शेजारी ऑर्डर घेऊन जात असे. त्याच्याकडून तोच ग्राहक वर्षभराने परत येताना मी पाहिला आहे, प्रत्येक वेळी नाही, पण पुष्कळदा. रात्री नऊनंतरची बैठक ही पाळी समजून तिच्या अखेरीपासून दुसऱ्या दिवशीच्या हजेरीपर्यंत किमान अकरा तासांचे अंतर ठेवावे. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशात चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती आधीपासून आहे, आणि ज्या ग्राहकांसाठी आपण जागतो त्यांतले कित्येक युरोपातलेच आहेत. राज्य सरकारने बारा तासांची मुभा दिलीच आहे तर ज्या कारखान्यांनी ती घेतली त्यांच्या अपघातांची नोंद कामाच्या तासानुसार, म्हणजे पाळीच्या कितव्या तासाला अपघात झाला याप्रमाणे, ठेवून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयामार्फत दरवर्षी प्रसिद्ध करावी. दोन वर्षांत निर्णय बरोबर होता की चूक हे आकडेच सांगतील आणि आपल्या दैनिकाच्या पानांवर कोणी कोणाला आळशी म्हणण्याची गरज राहणार नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमानुसार व्यवसायातील जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात वीज किती वापरली, पाणी किती वापरले, कचरा किती झाला आणि कायम कर्मचाऱ्यांपैकी किती टक्के नोकरी सोडून गेले, हे सांगावे लागते. त्याच तक्त्यात माणशी आठवड्याला प्रत्यक्ष काम झालेले सरासरी तास, रात्री नऊनंतरचे वेगळे दाखवून, असा एक रकाना वाढवण्यास फार मोठी दुरुस्ती लागणार नाही. पुण्या-मुंबईतल्या कोणत्याही कंपनीच्या संगणकावर ही माहिती आजही तयार आहे. प्रवेशद्वारावरचे कार्ड आणि संगणक सुरू-बंद झाल्याच्या वेळा तिथे मिनिटासकट साठवल्या जातात.

आपला,
एक निवृत्त उत्पादन नियोजन अभियंता,
चिंचवड, पुणे